नायट्रॉक्स अ‍ॅनलायझर: या चुका टाळा

नायट्रॉक्स म्हणजे डायव्हिंगसाठी वापरायची, ऑक्सिजन वाढवलेली हवा. तिच्यात ऑक्सिजन किती टक्के आहे, ते अ‍ॅनलायझर दाखवतो. त्यावर ३२.० दिसलं की नवशिके आकडा लिहून मोकळे होतात. तो आला कुठून, हे कुणी विचारत नाही. आतला सेन्सर मुळात टक्के मोजतच नाही. तो ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे वायूच्या एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा, ओळखतो आणि त्या प्रमाणात मिलिव्होल्ट देतो. साध्या हवेत साधारण ८ ते १३. टक्के हा पुढचा हिशोब, आणि तो उभा असतो कॅलिब्रेट करताना, म्हणजे साध्या हवेवर आकडा जुळवून घेताना, तुम्ही यंत्राला जे सांगता त्यावर: 'आत्ता सेन्सरसमोर २०.९ टक्के ऑक्सिजन आहे.' हे विधान खोटं निघालं की पुढची सगळी मापं खोटी.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे आधीच्या सिलेंडरचा वायू सेन्सरवर असतानाच कॅलिब्रेट करणं. सुरू करताच आपोआप कॅलिब्रेट होणाऱ्या यंत्रांत तर ते कळतही नाही. बोटीवर हे असं घडतं: निघायची घाई, सिलेंडर रांगेत, एकाने मोजून यंत्र बंद केलं आणि दुसऱ्याने लगेच चालू केलं. नळीत थोडा नायट्रॉक्स उरलेला असतो. सेन्सरसमोर आहेत २३ टक्के, यंत्र त्यालाच २०.९ धरून बसतं. आता खऱ्या ३२ च्या सिलेंडरवर २९.१ दिसणार. हा आकडा कुणाला खटकत नाही. 'भरताना जरा कमी पडलं असेल' म्हणून तोच सिलेंडरवरच्या पट्टीवर लिहिला जातो. ऑक्सिजनच्या आंशिक दाबाची मर्यादा १.४ बार धरली तर २९.१ ची कमाल खोली ३८ मीटर निघते, खऱ्या ३२ ची फक्त ३३. ३८ मीटरवर तुम्ही प्रत्यक्षात १.५४ बार ऑक्सिजन घेत असता. ऑक्सिजनच्या विषबाधेचे झटके पूर्वसूचना न देताही येतात, आणि पाण्याखाली झटका आला की तोंडातलं श्वास घ्यायचं रेग्युलेटर सुटू शकतं.

म्हणून नळी काढायची, सेन्सर दोन मिनिटं मोकळ्या हवेत धरायचा आणि आकडा पूर्ण थांबल्यावरच कॅलिब्रेट करायचं. शेवटचा सिलेंडर मोजून झाला की सेन्सर पुन्हा हवेवर आणायचा. २०.९ पासून ०.३ पेक्षा जास्त फरक दिसला तर मी त्या वेळची सगळी मापं नव्याने घेतो. एवढा वेळ नसेल त्याने नायट्रॉक्स घेऊच नये.

दुसरी चूक जुन्या सेन्सरची. 'हवेत व्यवस्थित कॅलिब्रेट होतो, मग बिघडलंय काय?' सेन्सर ही छोटी बॅटरीच असते. आतलं शिसं ऑक्सिजनबरोबर झिजत जातं, वापरा किंवा कपाटात ठेवा. थकलेला सेन्सर हवेपुरते मिलिव्होल्ट देतो, पण ऑक्सिजन वाढला की त्याचा दम संपतो आणि तो कमी आकडा दाखवतो. म्हणजे चूक पुन्हा धोक्याच्याच बाजूला. ५० टक्क्यांचा डेको सिलेंडर (वर येतानाच्या थांब्यांवर वापरायचा) अशा सेन्सरवर मोजणं हा जिवाशी खेळ आहे. तपासणी सोपी आहे: हवेतले मिलिव्होल्ट गुणिले ४.७८. हवेत १०.० असतील तर शुद्ध ऑक्सिजनवर, तेवढ्याच प्रवाहात, ४७.८ यायला हवेत. ४५ च्या खाली आला तर सेन्सर बदला; बटण फिरवून आकडा जुळवत बसू नका. म्हणूनच विकत घेताना मिलिव्होल्ट दाखवणारं यंत्र घ्या, सेन्सरवरची निर्मितीची तारीख वाचा आणि त्याच जोडणीचा सेन्सर पुढेही सहज मिळेल ना, ते पाहा. जास्तीचा सेन्सर साठवून ठेवण्यात अर्थ नाही, तो पाकिटातही म्हातारा होतो.

दमट हवेचं गणित बहुतेकांना माहीत नसतं. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर वाफेमुळे हवेत ऑक्सिजन २०.२ टक्केच उरतो. त्याला २०.९ मानलं की सिलेंडरमधला कोरडा ३२ चा वायू ३३.१ दिसतो. खोलीच्या दृष्टीने हे चालून जातं, पण नायट्रोजन कमी धरला जातो आणि डाइव्हची वेळ फुकट वाढवली जाते. साध्या हवेच्या सिलेंडरमधून, मोजताना ठेवणार तेवढ्याच प्रवाहाने कॅलिब्रेट केलं की प्रश्न मिटतो.

प्रवाह मिनिटाला एक-दोन लिटर पुरे. जोरात सोडलात तर सेन्सरवर दाब साठतो आणि आकडा फुगतो; फार हळू सोडलात तर बाहेरची हवा आत मिसळते. अंदाजाने वाल्व्ह उघडण्यापेक्षा प्रवाह ठरवून देणारा अडथळा बसवा. यंत्र लावण्याआधी वाल्व्ह क्षणभर उघडून पाणी उडवून टाका, कारण सेन्सरच्या पडद्यावर थेंब बसला की आकडा खाली येतो.

यंत्र उन्हात ठेवू नका. डोंगरातल्या तलावावर गेलात तर तिथेच कॅलिब्रेट करा, किनाऱ्यावरचं तिथे चालत नाही. आंशिक दाबाने, म्हणजे आधी ऑक्सिजन आणि मग हवा अशा पद्धतीने, नुकताच भरलेला गरम सिलेंडर लगेच मोजू नका, आत वायू नीट मिसळलेला नसतो. ऑक्सिजनच्या सेन्सरला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्यासाठी वेगळं यंत्र लागतं आणि ते इंजिनाच्या धुरात उभं राहून शून्यावर आणायचं नसतं.

आणि सिलेंडर ज्याचा, त्यानेच मोजायचा. टक्के, कमाल खोली, तारीख आणि आपली सही, हे पट्टीवर तिथल्या तिथे, यंत्र बाजूला ठेवायच्या आधी लिहायचं.