रविवारी सगळं घर घेऊन हॉटेलात जेवायला जाताना

मागच्या महिन्यात बाबांच्या पंच्याहत्तरीला आम्ही अकरा जण पुण्यात जेवायला गेलो आणि सगळं इतकं नीट झालं की बहीण म्हणाली लिहून ठेव, म्हणून लिहितेय. आधी एकदा असंच न सांगता गेलो होतो तेव्हा पाऊण तास बाहेर उभे, आईचे गुडघे सुजले, आणि तिला कांदालसूण चालत नाही असं तिनदा सांगूनही लसणीची भाजी आली. तेव्हा त्या वेटरवर मी चिडले होते, ते चुकलंच माझं, कारण त्याच्या हातात तसं काहीच नव्हतं.

तर पहिलं म्हणजे फोन, आणि तो शुक्रवारी-शनिवारीच करा, तोही दुपारी चार ते सहा या वेळात. ऐन गर्दीत फोन उचलणारा माणूस हो हो म्हणतो आणि लिहून काहीच घेत नाही. मॅनेजर नाहीतर कॅप्टनशी, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाशी, बोला, त्याचं नाव विचारून घ्या, आणि माणसं किती, लहान मुलं किती, खाली टेबल मिळेल का की जिना चढायचाय, लिफ्ट आहे का, टेबलं जोडून देणार का, दुपारी शेवटची ऑर्डर किती वाजता घेता, हे सगळं एकाच फोनमध्ये उरकून टाका. वेळ सव्वाबाराची घ्या, दीडची अजिबात नको. सव्वाबाराला पोरं ताजी असतात, टेबलं रिकामी असतात आणि कॅप्टनला तुमच्याशी दोन वाक्यं बोलायला सवड असते.

पथ्यपाण्याचं मात्र फोनवरच सांगा, टेबलावर बसल्यावर नाही. बहुतेक ठिकाणी कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, काजूची पांढरी ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार होते आणि ऑर्डर आली की त्यात पनीर नाहीतर भाजी पडते, म्हणजे 'यात लसूण नको' म्हटलं तरी ती आधीच आत शिजलेली असते, काढणार कशी? आदल्या दिवशी कळवलं तर ते वेगळं काहीतरी करू शकतात, आमच्याकडे आईसाठी साधं वरण, जिरा बटाटा आणि फुलके अगदी प्रेमाने करून दिले. तिखटाचंही तेच, मिसळीचा कट वेगळा मागता येतो पण तयार रश्शातलं तिखट कमी होत नाही. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर 'कूट कशाकशात आहे' असंच विचारा, आपल्याकडे कोशिंबिरीपासून भरल्या वांग्यापर्यंत सगळीकडे कूट असतो आणि समोरच्याला ते इतकं सवयीचं असतं की त्याच्या लक्षातही येत नाही.

ऑर्डर घरातल्या एकानेच द्यायची. प्रत्येक ऑर्डरची एक चिठ्ठी, केओटी म्हणतात ती, किचनमध्ये जाते आणि नंतर आठवलेला पापड म्हणजे नवी चिठ्ठी, ती रांगेत मागे. म्हणून सगळं ठरवून एकदाच सांगा, परत वाचून दाखवायला सांगा, पोरांचं आधी आणा म्हणा, आणि रोट्या दोन-दोन करून गरम मागवा.

वेटरला दादा किंवा काका म्हणा, चुटकी वाजवून किंवा शुकशुक करून बोलावू नका, मला तर ते बघवत नाही. ब्रेक शिफ्टवाली मुलं सकाळी येतात, दुपारी दोन-तीन तास मोकळी आणि मग रात्री बंद होईपर्यंत परत उभी असतात. पदार्थ बिघडलेला वाटला तर दुसऱ्या घासालाच कॅप्टनला हळू आवाजात सांगा, अर्धी डिश संपल्यावर कोण बदलून देणार.

बिल आल्यावर नीट वाचा. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी 5 टक्के. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची तशी मार्गदर्शक तत्त्वं 4 जुलै 2022 ला आली आणि दिल्ली हायकोर्टाने 28 मार्च 2025 ला ती कायम ठेवली. लावलाच असेल तर शांतपणे काढायला सांगा, नाही ऐकलं तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि तो काढून घेतला म्हणून वेटरची टीप कापू नका हो. सुट्टे पैसे घरूनच न्या, टीप डब्यात जमा होते की त्यालाच मिळते ते विचारा, आणि टेबल पुसणाऱ्या पोराच्या हातात वेगळे द्या, त्याच्याकडे कुणी बघतच नाही.

पार्सल घेतलं असेल तर डबे तिथेच उघडून बघा, आमची पुरणपोळी काउंटरवरच राहिली होती आणि तो कॅप्टन स्वतः पार्किंगपर्यंत घेऊन आला.