युरिया क्रीम लावताना या चुका टाळा

युरिया म्हटलं की डोळ्यांसमोर खताची गोणी येते, आणि तिच्या पाठोपाठ लघवी. तो अंगाला लावायचा म्हटल्यावर नाक मुरडणं साहजिक आहे, माझंही मुरडलं होतं. पण नडगीवर नख फिरवलं की पांढरी रेघ उमटायची, पायमोजा उलटा केला की पिठासारखा कोंडा झडायचा, आणि तेल लावून तासाभरात कातडी पुन्हा ओढायला लागायची. त्वचारोगतज्ज्ञांनी १० टक्के युरियाचं क्रीम लिहून दिलं. मी घरी आले, पायांवर रेझर फिरवला, आंघोळ केली आणि लगेच ते क्रीम भरपूर चोळलं. अर्ध्या मिनिटात मिरची लागल्यासारखी आग. धुऊन टाकलं, ट्यूब खणात गेली, आणि पुढचे कित्येक महिने मी सगळ्यांना सांगत होते की मला युरिया सोसत नाही.

तो सोसतो. गेली काही वर्षं मी तो रोज वापरते आहे. चूक लावण्याच्या वेळेची होती. युरिया सोडून दिलेली जी माणसं मला भेटतात, त्यांतल्या बहुतेकांचं असंच काहीतरी झालेलं असतं. एक तर टक्केवारी चुकलेली असते, नाहीतर सोललेल्या कातडीवर तो लावलेला असतो.

आधी किळस बाजूला ठेवू. क्रीममधला युरिया लघवीतून येत नाही, तो कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून बनतो. फ्रीडरिक व्योलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२८ मध्येच तो प्रयोगशाळेत तयार करून दाखवला होता. आणि तो आपल्या त्वचेला परकाही नाही. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात पाणी धरून ठेवणारं एक नैसर्गिक मिश्रण असतं. त्यात अमिनो आम्लं असतात, लॅक्टेट असतं आणि साधारण ७ टक्के युरियाही असतो. कोरड्या आणि एक्झिमाच्या त्वचेत तो कमी पडलेला आढळतो. क्रीम ही तूट वरून भरून काढतं.

खताचा युरिया पाण्यात कालवू नका

हे लिहावं लागतंय, कारण कुणीतरी करतंच. खताचे दाणे त्वचेसाठी शुद्ध केलेले नसतात, त्यात बाय्युरेटसारखे इतर पदार्थ असतात, आणि घरी टक्केवारी मोजता येत नाही. शिवाय युरिया पाण्यात नुसता सोडून ठेवला की हळूहळू फुटतो आणि अमोनिया सुटतो. क्रीम बनवणारे तो टिकवण्यासाठी मिश्रणाची आम्लता सांभाळतात. हा उद्योग घरी करू नका, एवढंच.

टक्केवारी न बघता ट्यूब उचलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ५ टक्के आणि ४० टक्के युरिया हे एकाच औषधाचे सौम्य-कडक प्रकार नाहीत, ती दोन वेगळी कामं आहेत. कमी प्रमाणात, म्हणजे साधारण २ ते १० टक्क्यांपर्यंत, युरिया मुख्यतः पाणी धरून ठेवतो. प्रमाण वाढलं की तो केराटिनची, म्हणजे कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातल्या प्रथिनांची, वीण सैल करायला लागतो. १० ते ३०च्या दरम्यान दोन्ही कामं चालतात. ३०च्या वर गेलात की तो थर चक्क मऊ होऊन सुटतो. जाड झालेली नखं मऊ करायला डॉक्टर ४० टक्के वापरतात, त्यावरून त्याची ताकद ओळखा.

चेहऱ्यासाठी २ ते ५ टक्के पुरतात. हातापायांना ५ ते १०. कोपरं, गुडघे आणि दंडावरच्या खरखरीत पुटकुळ्यांना १० ते २०. भेगाळलेल्या जाड टाचांना २० ते ३०, तेही फक्त जाड भागावर, आजूबाजूच्या मऊ कातडीवर पसरू न देता. टाचांसाठी आणलेली ट्यूब शिल्लक आहे म्हणून चेहऱ्याला लावणारी माणसं मी पाहिली आहेत. दोन दिवसांत चेहरा लाल होतो आणि मग दोष युरियाच्या माथी जातो. पापण्या आणि ओठ वगळाच. तान्ह्या आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठल्याही टक्क्याचं लावू नका.

टक्केवारी छापलेलीच नसेल तर घटकांची यादी वाचा. १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. फिनॉक्सिइथेनॉल हे क्रीम टिकवणारं रसायन सहसा १ टक्क्याच्या आतच घालतात. युरियाचं नाव त्याच्याही खाली असेल, तर तो फक्त नावापुरता आहे.

याच यादीत आणखी एक फसगत होते. डायॲझोलिडिनिल युरिया आणि इमिडॅझोलिडिनिल युरिया ही नावं दिसली म्हणून क्रीम घेऊ नका. ती दोन्ही परिरक्षकं, म्हणजे क्रीम टिकवणारी रसायनं आहेत, त्यांतून थोडं थोडं फॉर्मॅल्डिहाइड सुटतं, आणि काहींना त्याची ॲलर्जी असते. कोरडेपणासाठी त्यांचा उपयोग शून्य. हायड्रॉक्सिइथिल युरिया मात्र खरोखरच ओलावा धरणारा आहे. आपल्याला हवा असलेला युरिया यादीत नुसता ‘युरिया’ म्हणूनच लिहिलेला असतो.

उललेल्या, सोललेल्या कातडीवर लावणं

माझी चूक ती हीच. रेझरने वरचा थर खरवडला जातो, वॅक्सिंगनेही तेच होतं. हात फार कोरडे पडले की बोटांच्या पेरांवर केसाएवढ्या चिरा पडतात, सहज बघितलं तर त्या दिसतही नाहीत. बोट वाकवून उजेडात तिरकं धरा, घडीच्या तळाशी लालसर रेघ दिसेल. युरिया तिथे पोचला की झोंबणारच. ही बहुतेक वेळा ॲलर्जी नसते, शुद्ध युरियाची ॲलर्जी दुर्मीळ आहे.

म्हणून आधी चिरा मिटू द्या. तीन-चार दिवस नुसती पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं साधं क्रीम लावा. मग ५ टक्क्यांनी सुरुवात करा, एक दिवसाआड, रात्री. आठवडाभर निभावलं तर रोज. रेझर किंवा वॅक्सनंतर एक-दोन दिवस जाऊ द्या.

चेहऱ्यावर जाण्याआधी हाताच्या आतल्या बाजूला एकाच जागी दिवसातून दोनदा, असं आठवडाभर लावून बघा. एकदा लावून ‘काही झालं नाही’ म्हणणं पुरत नाही, कारण ॲलर्जी असली तर ती दिसायला काही दिवस लागू शकतात. थोडी चुरचुर होऊन पाच-दहा मिनिटांत शमली तर चालेल. ती वाढत गेली, कातडी लाल झाली, सुजली, तर कोमट पाण्याने धुऊन थांबा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाजरं पुरळ उठलं, तर बहुधा वास, परिरक्षक किंवा लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणासारखा पदार्थ, दोषी असतं. तेव्हा ट्यूब डॉक्टरांना दाखवा, म्हणजे घटक तपासता येतील.

पाणी बांधलं, पण झाकलं नाही

त्वचेत तेल कमी असणं आणि पाणी कमी असणं, या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. कपाळ चमकतं, पण तोंड धुतल्यावर गाल ओढतात, हसलं की बारीक सुरकुत्या उठतात, ती पाणी कमी पडलेली त्वचा. तिला हलकं ३ ते ५ टक्क्यांचं लोशन पुरेसं होतं. चमक कुठेच नाही, वर पापुद्रे सुटतात, ती तेल कमी असलेली. तिला नुसता युरिया देऊन भागत नाही. युरिया पाणी धरतो, पण वरून उडून जाणाऱ्या पाण्याला पुरेसं झाकण लागतं. आंघोळीनंतर अंग टिपून कातडी जराशी ओलसर असतानाच क्रीम लावा आणि नडग्या, टाचा, पेरं अशा हट्टी जागांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. माझ्या नडग्या खऱ्या सुधारल्या त्या या दुसऱ्या थराने.

किती लावायचं? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतची क्रीमची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

सोबत काय लावताय ते बघा

युरिया वरचा थर सैल करतो, त्यामुळे त्याच्यासोबतचं औषधही जास्त आत शिरतं. स्टेरॉइड मलमात तो कधी कधी मुद्दाम घालतात तो याचसाठी. पण मग चेहऱ्याच्या क्रीम-सीरममधलं रेटिनॉल, सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक आम्लही तितकंच आत जातं आणि चेहरा भाजल्यासारखा होतो. या गोष्टी वेगवेगळ्या रात्री ठेवा. डॉक्टरांचं मलम चालू असेल तर दोन्हींची वेळ त्यांनाच विचारा.

बारीकसारीक कटकटी

ट्यूबच्या तोंडाशी पांढरी कणी जमते. ते बहुतेकदा पाणी उडून गेल्यावर उरलेले युरियाचे स्फटिक असतात. पुसून टाका, अंगावर घासू नका. उग्र अमोनियाचा वास यायला लागला तर मात्र ट्यूब फेका. सनस्क्रीन लावताना क्रीमच्या गोळ्या सुटत असतील तर युरिया रात्रीवर न्या. २० टक्क्यांच्या क्रीमने टाचेचे पापुद्रे निघाले तर ओढू नका, ते आपले आपण झडतील.

फरक दिसायला दोन आठवडे तरी द्या. चार आठवडे नीट वापरूनही कातडी तशीच राहिली, रात्री खाजेने झोपमोड होत असेल, चिरांतून रक्त किंवा पाणी येत असेल, तर क्रीम बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा. थायरॉइड मंदावल्यानेही त्वचा अशी कोरडी पडते आणि ते रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं. मधुमेह असलेल्यांनी टाचेची भेग घरी सांभाळत बसू नये. पायाची संवेदना कमी झालेली असली तर जखम चिघळलेली कळतही नाही. १० टक्के असो की ३०, पाय आधी दाखवून घ्या.