घड्याळातला ताण आणि थेरपी : या चुका टाळा

कर्वे रोडच्या गर्दीतून स्कूटर काढत मी थेरपीच्या सेशनला पोचायचे. खाली अमृततुल्यमध्ये चहा, मग तीन मजले जिना आणि खुर्चीत टेकल्या टेकल्या स्मार्टवॉचचं मनगट थेरपिस्ट मॅडमपुढे. "बघा मॅडम, ताणाचा आकडा ७८!"

"जिन्याने आलात ना?" मॅडम शांतपणे विचारायच्या.

मुळात घड्याळाला ताण दिसतच नाही. पाठीमागचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची लय टिपतो. दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतंय, यावरून घड्याळ आकडा काढतं. शरीर कामाला जुंपलं की हे अंतर एकसारखं होत जातं आणि आकडा चढतो. मग कारण साहेबांचा फोन असो, ताप असो, कालची बिअर असो, नाहीतर पर्वतीच्या १०३ पायऱ्या. त्यामुळे पोचल्यावर दहा मिनिटं बसा, मगच आकडा बघा. चहा सेशननंतर.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक वेगळीच. बाबांच्या आजारपणाबद्दल बोलताना घड्याळाकडे नजर गेली, आकडा चढलेला दिसला आणि मी चक्क विषय बदलला. वाटलं, थेरपीने त्रासच वाढतोय. अहो, दुखऱ्या जागी हात लागला की ठोके वाढणारच! आता सेशनपुरती स्क्रीन बंद ठेवते. नोंद आत होतच राहते.

आकडे उगाच उड्या मारत असतील तर आधी पट्टा बघा. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट, पण रुतणारा नको. तिथे गोंदवलेलं असेल तर दुसरा हात वापरा, शाईने प्रकाश अडतो. ढोलपथकाच्या सरावातले आकडे तर धरूच नका.

प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर थेरपिस्टला सांगा. त्या गोळीने ठोके मंदावतात, आलेख गुळगुळीत दिसतो आणि मनात मात्र कालवाकालव चालूच असते. आलेख बघून गोळी स्वतःहून बंद करू नका.

मैत्रिणीच्या आकड्याशी तुलना नको. वयागणिक, माणसागणिक फरक पडतो. स्वतःचेच दोन-तीन आठवडे बघा.

आणि नुसता आकडा नेऊ नका, शेजारी एक ओळ लिहा. माझी एक : "मंगळवार, सव्वाचार, नळ स्टॉपचा सिग्नल, आईचा फोन." मॅडम आलेख भराभर सरकवतात, या ओळींवर थांबतात. गेल्या महिन्यात अशा पाच ओळी होत्या, त्यातल्या चार आईच्या फोनच्या. आकडा त्यात दोनदाच चढला होता.