‘उचलणे’ लिहिताना या चुका टाळा

मुद्रितं तपासणं हे माझं काम. ‘उचलणे’ या क्रियापदावर आठवड्यातून एकदा तरी लाल पेन झिजतं. लिहिणाऱ्याला वाटतं, दप्तर उचलायला लागल्यापासून हा शब्द येतो, त्यात काय बघायचं!

सगळ्यात आधी माणसं. “मी तुला आठ वाजता उचलतो.” अहो, उचलतात ती गोणी. माणसाला घ्यायला जातात. मोठ्या माणसाला उचलतात ते पोलीस, नाहीतर खांदेकरी. आमच्याच घरची गोष्ट. आजोबा एसटीने पुण्याला यायचे होते. मामेभावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, “आजोबांना उद्या सकाळी दहाला उचलणार.” मयताच्या घरी “किती वाजता उचलणार?” असंच विचारतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. पाच मिनिटांत सांगलीच्या मावशीचा रडत फोन. धाकटा मामा गाडी ठरवून मोकळा! शेवटी आजोबांनीच मावशीला फोन लावला, “अगं, अजून माझ्या पायांनी चालतोय. उचलायची घाई नको.” तेव्हापासून कुठल्याही मजकुरात ‘उचलणे’ दिसलं की मी आधी कर्म बघते. कर्म माणूस असेल तर वाक्य मोठ्याने वाचते.

दुसरं, हिंदीचं ‘उठाना’. त्या एका शब्दाची कामं मराठीत वाटून दिलेली आहेत. आवाज उठवतात, प्रश्न मांडतात, फायदा घेतात, झोपलेल्याला उठवतात. खर्च मात्र उचलतात, पाऊलही उचलतात. याला नियम विचारू नका, कान तयार करा. नवशिक्यांना तक्ता हवा असतो, मी देत नाही.

“प्रश्न ऐकताच बारा मुलांनी हात उचलले.” बाईंवर? हात वर केले, असं लिहा.

व्युत्पत्तीत तर घाईला ऊत येतो. ‘उच्च’ला ‘लणे’ चिकटवून मोकळे होतात. हे ‘लणे’ कुठून आलं, ते कोणी सांगत नाही. मूळ आहे उद् + चल्. ‘द्’च्या पुढे ‘च’ आला की ‘द्’चाही ‘च्’ होतो, म्हणून संस्कृतात उच्चलति. पण तिथे त्याचा अर्थ निघणे, जागचं हलणे असा. दुसऱ्याला वर घेणं मराठीत ठळक झालं. ‘दम्याने उचल खाल्ली’ म्हणतो तेव्हा तो जुना, आपणहून हलण्याचा अर्थ अजून डोकावतो, असं मला वाटतं. (‘उसळणे’ वेगळं, ते उच्छलति वरून.)

‘उचल’ या नामावर एका नवख्या उपसंपादकाशी माझी चांगलीच जुंपली होती. ऊसतोड मजुरांच्या बातमीत त्याने ‘उचल’ खोडून ‘कर्ज’ केलं. प्रमाणभाषा म्हणे! उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. एका कोयत्याला, म्हणजे बहुधा नवरा-बायकोच्या जोडीला मिळते आणि फडात ऊस तोडून, मोळ्या वाहून फेडायची असते. ‘कर्ज’ लिहिलं की बँक, हप्ता, तारण डोळ्यांपुढे येतं आणि तो फड, तो मुकादम सगळं पुसलं जातं. मी शब्द परत घातला, त्याने परत काढला. तिसऱ्या वेळी मी पानच अडवलं. रेशनसाठी गोदामातून ‘धान्याची उचल’ होते, ती अर्थात निराळी.

उरलेलं पटकन. ‘उचल्लं’ नाही, ‘उचललं’. कुलूप उचकटतात, उचलत नाहीत. मागणी उचलून धरतात; निकाल ‘उचलून धरला’ नको, वरच्या कोर्टाने खालच्याचा निकाल कायम ठेवला, एवढं पुरे. आणि साहेबांची बढतीवर बदली झाली तर तिला उचलबांगडी म्हणू नका. उचलबांगडी म्हणजे हातपाय धरून उचलून नेणं. परवा एका निरोप समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेत हा शब्द आला होता, छापायला जायच्या तासभर आधी सापडला.