ट्रायमिथिलसिलिल आयनाची निर्मिती-ऊष्मा कशी मोजावी

निर्मिती-ऊष्मा म्हणजे मूलद्रव्यांपासून एक मोल पदार्थ बनताना होणारा ऊर्जेचा बदल. नमुना म्हणून टेट्रामिथिलसिलेन (सिलिकॉनला चार मिथिल गट जोडलेला रेणू) घ्यावे, कारण ते सुमारे 27 अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याची वाफ न तापवता मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (आयन वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणात) सोडता येते. उपकरणात ओलावा मुळीच राहू देऊ नये. 73 वस्तुमानाचा ट्रायमिथिलसिलिल आयन (एक मिथिल गट गमावलेला धनप्रभारित कण) पाण्याचा रेणू पकडतो आणि 91 वर नवे शिखर उमटते.

वाफेवर प्रकाश पाडून आयन बनवावेत, आणि प्रकाशकणांची ऊर्जा 9.6 पासून 10.8 इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत बारीक टप्प्यांनी वाढवत 88 (अखंड रेणूचा आयन) आणि 73 या शिखरांची तीव्रता नोंदवावी. मिथिल गट सुटून 73 चा आयन ज्या ऊर्जेला दिसू लागतो, तो उंबरठा नुसत्या नजरेने ठरवणे मला मान्य नाही: खोलीच्या तापमानाला रेणूंजवळ आधीच कंपन-ऊर्जा असल्यामुळे आलेख खऱ्या उंबरठ्याच्या अलीकडेच चढू लागतो, म्हणून त्या ऊर्जेचे वितरण हिशेबात धरून वक्र जुळवावा आणि शून्य केल्व्हिनचे मूल्य काढावे.

हे मूल्य 96.485 ने गुणून किलोज्यूल प्रति मोलमध्ये आणावे, त्यात टेट्रामिथिलसिलेनची निर्मिती-ऊष्मा मिळवावी आणि मिथिल मूलकाची (सुटलेल्या मिथिल गटाची), म्हणजे सुमारे 150 किलोज्यूल, वजा करावी. उत्तर 298 केल्व्हिनला द्यायचे असल्यास इलेक्ट्रॉनबाबतचा संकेत (सुटलेल्या इलेक्ट्रॉनची उष्णता-ऊर्जा हिशेबात धरली की नाही) आवर्जून लिहावा, कारण दोन प्रचलित संकेतांत 6.2 किलोज्यूलचा फरक पडतो.