कोकणातल्या शाळेत टिंकरिंग लॅब सुरू करताय? या चुका टाळा

अटल टिंकरिंग लॅबची, म्हणजे मुलांनी स्वतःच्या हातांनी वस्तू आणि यंत्रं बनवून शिकायच्या प्रयोगशाळेची, योजना २०१६ मध्ये आली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळू लागलं. पैसे आले की आधी यंत्रांची यादी होते आणि मग त्या यंत्रांना काम शोधलं जातं. सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. रोबो तपासणीच्या दिवशी चालतो आणि नंतर कपाटात जातो.

सुरुवात गावच्या अडचणीपासून करा. कोकणात दरवर्षी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांवर टँकर येतो, कारण जांभ्यातून आणि उतारावरून पाणी निघून जातं. पण ‘पाणी वाचवा’ हा प्रकल्प नव्हे, ती घोषणा झाली. ‘आपल्या शाळेच्या छपरावरून किती पाणी वाहून जातं?’ हा प्रश्न आठवीच्या मुलांना पेलतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरचं छप्पर आणि ३,००० मिलिमीटर पाऊस धरला तर तीन लाख लिटर! हा आकडा मुलांनी स्वतः काढला की त्यांचे डोळे विस्फारतात. आधी सरळ बाजूंच्या बाटलीचा पर्जन्यमापक आणि रोजची नोंद, मग पन्हळ, मग टाकी. पातळी दाखवणारा सेन्सर त्यानंतर.

दुसरी चूक म्हणजे आपल्या हवेकडे दुर्लक्ष. खारी, दमट हवा लॅब खाते. थ्रीडी प्रिंटरची पीएलए तार (जी वितळवून वस्तू छापतात ती प्लास्टिकची तार) जूनमध्ये उघडी राहिली की ओल धरते. छापताना चटचट आवाज येतो, धागे सुटतात, तार कडकन तुटते. प्रिंटर बिघडला असं समजून मेकॅनिकला फोन लावण्याआधी तार बदलून पाहा. ती सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. ओली झालेली तार ४५ ते ५० अंशांवर काही तास वाळवली तर बहुधा पुन्हा चालते. सेन्सरचे आकडे उड्या मारत असतील तर प्रोग्रॅम बदलण्याआधी जम्पर वायरींची, म्हणजे भाग जोडणाऱ्या सुट्या वायरींची, टोकं तपासा, त्यांवर गंज चढतो. मातीतला ओलावा मोजणारा दोन पायांचा स्वस्त सेन्सर सतत विजेवर ठेवला तर लवकर झिजतो. मोजायच्या वेळीच त्याला वीज द्या. सुट्टीआधी सगळ्या बॅटऱ्या काढून ठेवा.

गटात सोल्डरिंग मुलगे करतात आणि तक्ता मुली रंगवतात, हे मला फार खटकतं. दर आठवड्याला कामं बदला.

गुण फक्त शेवटच्या मॉडेलला दिले की मॉडेल घरून, नाहीतर बाजारातून येतं. वही तपासा: काय करून पाहिलं, काय फसलं, पुढे काय बदललं.

शिक्षकाला सगळं यायलाच हवं, हा हट्टही सोडा. गावात गवंडी आहे, वायरमन आहे, बोटीचं इंजिन खोलणारा मिस्त्री आहे. त्यांना वर्गात बोलवा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याची वाट घालून दिली आहे.

आणि प्रकल्प ऋतू बघून आखा. पावसाची मोजणी शाळा उघडताच सुरू व्हायला हवी. कोकमं वाळवायचं सौर यंत्र मार्चअखेर तयार हवं, कारण फळ एप्रिलपासून येतं आणि मेमध्ये मुलं सुट्टीवर असतात.