उपक्रम झाला, फोटो निघाले, पोरं काय शिकली? या चुका टाळा

करून शिकणं विदर्भाला नवं नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नई तालीम चर्चेला आली, ती हाताच्या कामातूनच गणित-भाषा शिकवण्यासाठी. आज आपल्या गावोगावच्या शाळांत उपक्रम भरपूर होतात. अडतं बहुतेक एकाच जागी: मुलांनी नेमकं काय शोधायचं, हे आधी कोणी ठरवलेलंच नसतं.

आनंद मेळावा, पण हिशेब सरांचा

भजी आईनं तळली, गल्ला मोठ्या भावानं सांभाळला, नफा सरांनी फळ्यावर लिहिला. मग मुलानं केलं काय? आदल्या दिवशीच प्रत्येकाला खर्च लिहायला लावा. बेसन, तेल, कागदाच्या पुड्या हे सोपं आहे. घरच्या वावरातली मिरची आणि आईची मेहनत खर्चात धरायची की नाही, यावर मात्र वर्गात भांडू द्या. कपाशीचा लागवड खर्च काढताना घरच्या मजुरीचा हाच वाद त्यांनी घरी ऐकलेला असतो. ज्याला तोटा झाला त्याची वही सगळ्यात कामाची. तो तयार असेल तर तीच आधी वाचा, हसू मात्र होऊ देऊ नका.

प्रयोग 'फसला' म्हणून झाकून टाकणं

दोन बाटल्यांचे तळ कापून त्या उलट्या टांगायच्या, तोंडाला फडकं बांधायचं, एकीत रेती, दुसरीत काळी माती, आणि वरून सारखंच पाणी ओतायचं. पाणी रेतीतून आधी टपकायला हवं. पण पुष्कळदा उलट घडतं, सर गडबडतात आणि "पुस्तकात असं आहे, तसं लिहा" म्हणून मोकळे होतात. इथंच पाठ हातचा जातो.

कारण साधं आहे. माती वाळलेली आणि ढेकळांची असली, की पाणी ढेकळांमधल्या फटींतून सरळ खाली जातं. ढेकळं फोडा, चाळा, बाटलीत ठोकून बसवा, थोडी ओली करून मुरू द्या आणि पुन्हा पाणी ओता. बारीक कणांची ही माती भिजली की फुगते, फटी बुजतात, थेंब रेंगाळतो. आता पहिला निकाल खोडू नका. उन्हाळ्यात भेगाळलेल्या वावरात पहिल्या पावसाचं पाणी कुठं जातं, हे त्यातूनच विचारता येतं. पाणी ओतण्याआधी प्रत्येकाचा अंदाज वहीत हवा, नाहीतर निकाल बघून सगळेच "मला माहीत होतं" म्हणतात.

दोघं मोजतात, बाकीचे उभे

गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. मैदानावर चुन्यानं एक गुंठा आखणं फार छान, पण हुशार पोरगं टेप पकडतं आणि उरलेले चिंचेखाली बसतात. दोरी धरणारा, मोजणारा, लिहिणारा, तपासणारा अशी कामं द्या आणि दर बाजूला बदला. दोनशिक्षकी शाळेत चार वर्गांना चार उपक्रम काढू नका. त्याच चौकोनात पहिली-दुसरीनं पावलं मोजावी, तिसरीनं फुटांत परिमिती काढावी, चौथीनं एकराचा हिशेब करावा.

वेळही बघा. मार्चनंतर मैदानातलं काम सकाळी लवकर उरकावं. पावसाळ्यात शिवारफेरी उघाड पाहूनच काढा, नाहीतर अर्धी तासिका चपलेचा चिखल खरवडण्यात जाते.

व्हिडिओ शेवटी दाखवा. आधी दाखवला तर उत्तर फुटतं, आणि लाइन गेली तर तासच बुडतो.

वहीत सगळ्यांचं एकच वाक्य

फळ्यावरचा तयार उतारा उतरवून घेतला, की कोणाला काय कळलं ते दिसतच नाही. आधी तोंडी सांगू द्या, वऱ्हाडीत, गोंडीत, कोलामीत, जसं येईल तसं. मग ज्याचं त्यानं लिहावं. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी तपासा.